डाव्या हाताची चिठ्ठी

नववीच्या विज्ञानाच्या बाईंनी तो नियम स्वतःच काढला होता आणि त्याचं त्यांना भारी कौतुक होतं. औषधं, व्यसनं आणि रोगांचा धडा दरवर्षी मुलांच्या डोक्यावरून जायचा. शंका विचारायला एक हात वर होईल तर शपथ! म्हणून बाईंनी बुटांच्या खोक्याला भोक पाडून प्रश्नपेटी केली. दर शुक्रवारी प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी. लिहायचं मात्र डाव्या हाताने, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. वर्गातल्या एकमेव डावखुरीने उजवा हात वापरायचा. "कोणी लिहिलं ते मीसुद्धा शोधणार नाही," बाईंनी शब्द दिला होता.

दोन शुक्रवार मजेत गेले. मुख्याध्यापकांचा राग संसर्गजन्य आहे का, असंही एकाने विचारून घेतलं. तिसऱ्या शुक्रवारी तास संपता संपता बाईंनी शेवटची चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"खोकला नसताना खोकल्याचं औषध रोज प्यायलं जातं. आता एक दिवस नाही घेतलं तरी हात कापतात, रडू येतं. हे कितव्या धड्यात आहे?"

वर्ग फिदीफिदी हसला. खरं सांगायचं तर बाईसुद्धा हसल्या, आणि मग त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा मनात वाचली. तेवढ्यात घंटा वाजली. "पुढच्या शुक्रवारी सांगते," त्या सवयीने बोलून गेल्या.

मुख्याध्यापकांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "नाव?"

"नाव नाही ना सर. तशीच सोय केलीय मी."

"मग बेचाळीस पालकांना बोलावू? घराघरात मारझोड होईल, बाई."

बाईंची थोरली बहीण इस्पितळात परिचारिका होती. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "एकदम बंद करायला सांगू नकोस हं. आधी त्याला डॉक्टरकडे पाठव."

"त्याला म्हणजे कोणाला, ताई?" बाईंना रडूच कोसळलं.

हे एवढं सोमवारीच वर्गात सांगता आलं असतं. पण बाईंना आता नाव हवं होतं. हाताला धरून घेऊन जावं असं एक पोर हवं होतं. आठवडाभर त्या शिकवायचं सोडून बाकांवरचे हात पाहत हिंडल्या. एकाचा हात खरंच कापत होता, पण त्याने गृहपाठ केला नव्हता.

शुक्रवार उजाडला. "आज नेहमीच्याच हाताने लिहा," बाई सहज बोलल्यासारखं बोलल्या. "त्या वेड्यावाकड्या अक्षराने डोळे दुखतात माझे."

पेटी बाकांवरून फिरली, परत आली. बाईंनी पहिली चिठ्ठी उघडली. कोरी. दुसरी कोरी. दहा, वीस, तीस, सगळ्या कोऱ्या. पोरं काय दूधखुळी होती? बाईंचे कान तापले. तळाशी एकच लिहिलेली चिठ्ठी निघाली, डाव्या हाताची.

"तुम्ही शोधणार नव्हता. आता कोणाला विचारू?"

ही त्यांनी मोठ्याने वाचली नाही. आपण काय करून बसलो ते त्यांना लख्ख कळलं. माफी मागावी तर कोणाकडे बघून मागायची, तेही ठाऊक नव्हतं.

त्या फळ्याकडे वळल्या. ताईने सांगितलं होतं तेवढं सगळं त्यांनी लिहून काढलं. एकदम बंद करू नये. घरच्या एका माणसाला सांगावं. डॉक्टर रागावत नाहीत, औषध हळूहळू सोडवतात. खाली ताईच्या इस्पितळाचा नंबर, त्याखाली स्वतःचा. मग त्या वळून उभ्या राहिल्या. बेचाळीस चेहरे त्यांच्याकडे अगदी सारखे बघत होते. कोणीही लिहून घेत नव्हतं.

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे?"

नंबर कधी परीक्षेला असतो?

"हो," त्या म्हणाल्या. "सगळं आहे. नंबरसकट."

बेचाळीस माना खाली गेल्या आणि सगळे लिहून घेऊ लागले.