रघुवीरच्या सायकलीचा सोमवार

मी एक जुनी, काळी, चोवीस इंची सायकल आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच चुकचुकू नका, मित्रांनो. भंगारवाल्याच्या दारातून मी दोनदा परत आले आहे आणि तिसऱ्यांदा जायचा माझा अजिबात विचार नाही.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यातला. परळच्या एका कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या रघुवीरने पहिल्या बोनसात मला घेतलं. नायगावच्या बीडीडी चाळीतून हँडलला डबा लटकवून आम्ही पाळीला निघायचो. अंगात ताप असो, नाहीतर घरात पाहुणे असोत, रघुवीरचा खाडा म्हणून नाही. दसऱ्याला मला झेंडूची माळ चढायची. तेव्हाचा माझा तोरा काय विचारता!

मग ब्याऐंशीचा संप आला. गिरणी बंद झाली ती रघुवीरसाठी कायमचीच. पुढे माझ्या कॅरियरवर पावाच्या लाद्या बांधून तो दारोदार फिरला. "घरी बसलात म्हणून देशोधडीला लागलात," असं लोक त्याला तोंडावर ऐकवायचे. तो उलटून बोलायचा नाही, पण 'बसणं' हा शब्द त्या घरात शिवीसारखा झाला. नंतर पाव पोचवायला टेम्पो आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या चाकांआड मांजर व्यायली, तरी मी तग धरून होते.

तिथून मला बाहेर काढलं रघुवीरच्या लेकीने, दुर्गाने. बँकेत नोकरी करणाऱ्या या पोरीने गोव्याच्या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये उतरायचं ठरवलं होतं. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि सगळं एकाच दिवसात! तिची शर्यतीची सायकल वेगळी होती. हलकीफुलकी, आणि मला पाहून नाक मुरडणारी. पण धावण्याच्या दिवशी मान माझाच. दुर्गा पुढे धावायची आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन रघुवीर माझ्यावरून तिच्या मागे यायचा.

कोचने दुर्गाला बजावलं होतं, की कठीण सरावानंतर एक दिवस हलका घ्यायचा आणि सोमवारी पूर्ण विश्रांती. रघुवीर हसला.

"आपल्या घरात खाडा नाय," तो म्हणाला.

पोरगी तर बापाहून हट्टी. शनिवारी लांबवर सायकल, रविवारी लांबवर धावणं, सोमवारी दादरच्या तरणतलावात पोहणं, आणि मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून. मी लोखंडाची, तरी माझे सांधे कुरकुरायला लागले. ती तर हाडामांसाची होती.

एका रविवारी वरळी सीफेसला दुर्गा गुडघा धरून कठड्यावर बसली ती तिला उठवेना. शीवच्या डॉक्टरांनी सांगितलं, "असंच चाललं तर गोवा विसरा." घरी येऊन ती रडली.

"बाबा, शेवटी मी पण बसलेच ना?"

रघुवीरचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात भाकऱ्या थापता थापता त्याची बायको बकुळा कडाडली. दाराबाहेर उभ्या असलेल्या मलासुद्धा शब्द न् शब्द ऐकू आला.

"पुरे झालं तुमचं खाडा-खाडा! आठवड्याची सुट्टी काय मालकाने ओवाळणीत घातली होती? तुमच्या आज्या-पणज्यांनी भांडून घेतली ती. आणि तुम्ही ती पोरीकडून काढून घेताय? मग तुमच्यापेक्षा मालक बरा की! अहो, संपात तुम्ही बसला नव्हता, लढत होता. लोकांचं ऐकून ऐकून तुम्हीच ते विसरलात."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, रघुवीर माझ्यापाशी आला. मी आनंदाने खुळखुळले. आणि त्याने काय करावं? व्हॉल्व्ह सैल करून माझ्या दोन्ही चाकांतली हवा सोडून दिली. मग दुर्गाच्या सायकलीचीही सोडली. मला आधी संताप आला. मागाहून कळलं, की तो माझा अपमान नव्हता.

शेजारच्या खोलीतला कोंडीराम दात घासत होता. त्याने खोचकपणे विचारलं, "काय रघुवीर, आज लेकीचा खाडा वाटतं?"

"खाडा नाय, कोंडीराम. सुट्टी हाय. हक्काची!"

हे सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. कोणी ऐकवलेल्या टोमण्याला रघुवीरने उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला फार अभिमान वाटला.

गुडघा हळूहळू बरा झाला. मग सोमवार सुट्टीचा आणि कठीण दिवसापाठी हलका दिवस, असं चक्र बसलं. विश्रांती घेतलेली दुर्गा रविवारी अशी सुटायची, की मागे आमची दमछाक व्हायची. ती गोव्याला गेली आणि शर्यत पुरी करूनच परतली. शेवटच्या काही जणांत आली, पण लंगडत आली नाही. आता पुढच्या वर्षीची तयारी चालू आहे.

मित्रांनो, आम्हांला तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका, हे तर माझ्यासारखी कुठलीही जुनी वस्तू सांगेल. मी एवढंच सांगते, की ज्याच्याकडून काम घ्यायचं त्याची सुट्टी हिरावून घेऊ नका. मग ते यंत्र असो, माणूस असो, नाहीतर स्वतःचा गुडघा. आणि माझी चाकं चपटी दिसली म्हणून हळहळत पंप घेऊन धावू नका. आज सोमवार आहे.