प्रार्थनेतलं नाव

कढईत कॉफीच्या बिया तडतडल्या, तेव्हा कुठे वर्कनेश भानावर आली. करपल्याच होत्या. तिने कढई उतरवली आणि गेलेल्या नवऱ्याचा फोन पुन्हा कानाला लावला.

"लिहून पाठव, पोरी," मरिगेता लिसानू ओरडत होते. चर्चमधली गीझ या जुन्या धर्मभाषेतली प्रार्थना तेच म्हणत. "माझा एक कान कधीच देवाघरी गेलाय."

"पाठवलं की त्याचं नाव. यिरगा."

"यिरगा तुझ्यामाझ्यासाठी! देवापुढे बाप्तिस्म्याचं नाव लागतं. उद्या त्याचा चाळिसावा दिवस. आठ वर्षं एका ताटात जेवलीस, आणि एवढं विचारलं नाहीस?"

फोन बंद झाला. ते नाव वैऱ्याच्या तोंडी पडलं की करणी होते, म्हणून यिरगाच्या आईने ते कुणाला सांगितलं नाही. आता तीही नव्हती.

दर रविवारी यिरगा याच फोनवर गीझमध्ये प्रार्थना लिहून दूरच्या मठात पाठवायचा आणि लगेच पुसून टाकायचा. वर्कनेशला ती भाषा प्रार्थनेपुरतीच येई. हाताला चाळा म्हणून तिने प्रार्थनेत नावाआधी येणारं 'तुझा सेवक' एवढंच लिहिलं. कळफलकाच्या वर आपोआप तीन नावं उमटली. वल्दे मिकाएल. गब्रे मरियम. तक्ले हायमानोत. त्याने पुसलेलं फोनच्या लक्षात होतं.

नुकतीच अक्षरं लावायला शिकलेली लेक मकलित येऊन मांडीला टेकली.

"यातले बाबा कुठले?"

"असतील एखादे. बाकी आजोबा, काका."

तिने तिन्ही नावं लिसानूंना पाठवली. उत्तर आलं, 'तिघांसाठी म्हणतो. ज्याचं त्याला पोचेल.'

आता तरी रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. अंगठा मात्र फिरत राहिला. 'तुझी सेविका.' वर दोन नावं आली.

"हे माझं!" मकलितने बोट टेकवलं. "आणि व-ल-त्ता किदान कोण?"

"मी."

"बाबा रोज घ्यायचे तुझं नाव?"

"दर रविवारी."

मकलितने जरा विचार केला.

"मग तू त्यांचं कुठलं घ्यायचीस?"