उद्घाटन राहिलेलं स्वच्छतागृह

माळवाडीच्या सरकारी हायस्कुलाचं मूल्यांकन करायला कुसुमताई रिक्षातून उतरल्या, तेव्हा त्यांच्या स्वागताला दोघं पुढे आले. एक मुख्याध्यापक मुंगसे सर आणि दुसरी दुर्गंधी. सर हसत होते. दुर्गंधीला मात्र सजवून उभं केलं होतं: आधी तिच्यावर फिनेल ओतलं होतं, मग फिनेलवर मोगऱ्याच्या उदबत्त्या लावल्या होत्या. तिन्ही वास एकमेकांना जुमानत नव्हते.

"वातावरण कसं प्रसन्न आहे ना, मॅडम?"

"हो तर," कुसुमताई पदर नाकाला लावून म्हणाल्या.

सगळी हयात शाळेत काढलेल्या बाई त्या. निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या शाळा तपासायचं काम अंगावर आलं होतं. तीन दिवस यायचं, बघायचं आणि शेवटी श्रेणी द्यायची. 'अ' श्रेणी मिळाली तर चाकणची एक कंपनी शाळेला संगणक देणार होती. म्हणून शाळा समितीचे अध्यक्ष सोपानराव यांनी सकाळीच शहाळी पाठवली होती. सोपानरावांच्या शेतात आता गोदामं उभी होती. त्यामुळे भाडं येत होतं आणि समाजसेवेला वेळ मिळत होता.

शहाळं झालं, चहा झाला, कोकम सरबत झालं. नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून कुसुमताई पीत गेल्या.

नववीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "शाळेत तुम्हाला काय आवडतं?"

सगळे हात एकदम वर. एक मुलगा उभा राहिला. "आमच्या शाळेतील वातावरण आनंददायी असून," इथं तो खोकला, "शिक्षक विद्यार्थिकेंद्री अध्यापन करतात."

दुसऱ्यानंही तेच सांगितलं. तोही 'असून'पाशी खोकला. तिसरी मुलगी तिथंच खोकली, तेव्हा कुसुमताईंच्या लक्षात आलं, पाठ करून घेणाऱ्या सरांना त्या ठिकाणी ठसका लागला असणार. पोरांनी तोही पाठ केला होता.

पंखा बंद होता. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसली होती, तनुजा नावाची. तिचे ओठ वाळून फुटले होते. मुंगसे सरांनी नुकतंच हातात दिलेलं दुसरं शहाळं कुसुमताईंनी तिच्यापुढे धरलं.

"घे गं. मला जास्त झालंय."

"नको, बाई."

"अगं, गोड आहे."

"प्यायलं की जावं लागतं."

वर्गातली मुलं हसली. मुली हसल्या नाहीत.

"मग जायचं! त्यात काय?"

तनुजानं सरांकडे पाहिलं. सरांनी बंद पंख्याकडे पाहिलं.

"चल, मलाही जायचंय," कुसुमताई म्हणाल्या. "दाखव कुठंय ते."

मुंगसे सर मागून धावले. "मॅडम, गाडी काढतो. चऱ्होलीत माझा फ्लॅट आहे. भारतीय, वेस्टर्न, सगळी सोय आहे."

"मुलीही तिथंच येतात का?"

"छे! मुलींना सवय आहे."

"कशाची?"

"न जाण्याची," सर सहज बोलून गेले.

इमारतीच्या मागं मुलींचं स्वच्छतागृह होतं. दार केव्हाच गेलं होतं. त्याच्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लटकत होता आणि त्यावर एक पुढारी हात जोडून उभा होता. कुसुमताईंनी त्याला बाजूला केलं आणि लगेच परत जागेवर सोडलं. भांडं काठापर्यंत तुंबलं होतं. वर गुटख्याच्या पुड्या तरंगत होत्या, कडेनं अळ्या वळवळत होत्या.

"आम्ही घरूनच जाऊन येतो," तनुजा खाली बघत म्हणाली. "मग घरी जाईस्तोवर पाणी पीत नाही. मागं लई जळजळ झाली, ताप आला. आई म्हणते, आता परत आजारी पडलीस तर शाळा बंद."

त्या घाणीला लागूनच दुसरी एक इमारत होती. गुलाबी फरशा, वर पाण्याची टाकी, नवी दारं. दारावर कुलूप. दारापुढं आडवी बांधलेली फीत, एकेकाळी लाल असावी.

"आणि हे?"

"हे मुलींचंच, मॅडम. कंपनीनं बांधून दिलंय. उद्घाटन राहिलंय. आमदारसाहेबांची तारीखच मिळत नाही. तरी टाकी भरून ठेवतो. साहेब अचानक आले तर?"

"कुलूप काढा."

"किल्ली सोपानरावांकडे असते."

सोपानराव पांढऱ्या गाडीतून आले. किल्ली त्यांच्या बोटाभोवती फिरत होती.

"ताई, फीत कापायची न्हाई हां. साहेबांचा मान हाय. तुमी आमच्या घरी चला."

"सोपानराव, मला घाई आहे."

"आवो, आमच्या पोरी दोन वर्सं थांबल्यात. तुमाला धा मिन्टं थांबवंना व्हय?" असं म्हणून ते स्वतःच खो खो हसले.

कुसुमताईंना त्या तुंबलेल्या भांड्यापेक्षा या हसण्याची जास्त किळस आली. पण आवाज त्यांनी चढवला नाही.

"ठीक आहे. मी इथंच उभी राहते. मला मधुमेह आहे, फार वेळ धरवत नाही. जे व्हायचं ते तुमच्यासमोर होईल आणि अहवालात मी ते सविस्तर लिहीन."

सोपानरावांच्या बोटावरची किल्ली फिरायची थांबली. त्यांनी मुंगसे सरांकडे पाहिलं. कुलूप निघालं.

"फीत तेवढी राहू द्या, ताई. खालून वाकून जावा."

कुसुमताई गुडघे सांभाळत फितीखालून आत गेल्या. त्यांच्या मागून तनुजा गेली, मग वर्गातून एकेक मुलगी आली. साहेबांचा मान अबाधित ठेवून सगळ्या वाकून आत जात होत्या आणि वाकून बाहेर येत होत्या.

रांग संपल्यावर सोपानराव हळूच म्हणाले, "सर, पुसून घ्या आन् लावा कुलूप. ओलं दिसलं तर साहेब काय म्हनतील?"

कुसुमताईंनी ते ऐकलं. मुंगसे सरांच्या हातातलं कुलूप त्यांनी किल्लीसकट काढून घेतलं, शेजारी जाऊन हात जोडलेल्या पुढाऱ्याला बाजूला सारलं आणि कुलूप त्या तुंबलेल्या भांड्यात सोडून दिलं. ते सावकाश, आढेवेढे घेत बुडालं.

"हवं असेल तर काढून घ्या."

सोपानराव आत डोकावले आणि तोंड दाबून मागं सरले. "नवं आणीन की!"

"आणा. मी उद्याही येणार आहे, परवाही. सकाळी शहाळं पिऊनच निघेन. आणि श्रेणी शेवटी देतात."

मग त्यांनी मुंगसे सरांकडून खुर्ची मागवली आणि फितीशेजारी मांडून बसल्या.

"तनुजा, जा, पाणी आण. दोन पेले."

तनुजा भरलेले पेले घेऊन आली. एक तिनं बाईंना दिला. दुसरा हातात धरून तिनं आधी उघड्या दाराकडे पाहिलं, मग सोपानरावांकडे, आणि त्यांच्यावरची नजर न काढता सगळा पेला रिकामा केला.