आम्रपालीचा उजवा गोळा

मित्रांनो, मी एक जुना खुब्याचा गोळा आहे. कोरोनाचा विषाणू माझ्यापर्यंत पोचला होता. आता हे मागचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तसं काही घडलेलं नाही. कारण ते सिद्ध झालेलं नाही, आणि बरणीतल्या हाडाचा जबाब कोणी घेत नाही.

माझा जन्म दापोडीच्या आम्रपालीच्या उजव्या मांडीत झाला. मांडीचं हाड कमरेत जिथं बसतं, तिथला गुळगुळीत गोळा म्हणजे मी. डावीकडे माझा जुळा भाऊ. आम्ही तिला रेल्वेच्या पुलावरून पळवलं, लग्नात नाचवलं, आणि चाकणच्या कंपनीत तपासणीच्या टेबलाशी शिफ्टभर उभं केलं. कौतुक मात्र नेहमी गुडघ्यांचं झालं. आम्ही आत असतो, दिसत नाही, त्यामुळे आम्हाला कोणी विचारत नाही.

मग ती कोरोनानं आजारी पडली. छाती सुधारली, ती घरी आली, आणि काही महिन्यांनी माझा रक्तपुरवठा आटत गेला. मी आतून ढासळलो. डॉक्टरांनी मला काढून माझ्या जागी धातूचा गोळा बसवला. तो चांगला आहे म्हणतात. मी भेटलेलो नाही.

आम्रपालीला एकच गोष्ट हवी होती: कारण. विषाणू हाडात शिरला, की तेव्हा दिलेल्या औषधांनी हे झालं? कारण कळलं तर डाव्याला वाचवायला मदत होईल, असं तिला वाटत होतं. म्हणून मला बरणीत घालून तिच्या नवऱ्याच्या, संघर्षच्या हाती दिलं. संत तुकाराम नगरच्या लॅबमध्ये तसंच पोचवा, असं बजावलं.

संघर्षही चाकणच्याच कंपनीत, पार्ट धुण्याच्या विभागात आहे. तिथं तेलानं माखलेला पार्ट तपासणीला गेला की परत येतो, वर बोलणी बसतात. तो वाटेत घरी थांबला. त्यानं मला भांड्यांच्या साबणानं घासलं, फिल्टरच्या पाण्यात विसळलं आणि फडक्यानं चमकवलं. आयुष्यात माझी इतकी सेवा कोणी केली नव्हती.

लॅबच्या डॉक्टर नीलाताई बरणीकडे बघतच राहिल्या. त्यांनी विचारलं, तेव्हा तो अभिमानानं म्हणाला, "एकदम क्लीन करून आणलाय, मॅडम."

"अहो, मला तो माखलेलाच हवा होता."

आम्रपालीला कळलं तेव्हा ती संघर्षला म्हणाली, "घरात एक कप विसळत नाहीस तू. नेमकं हेच घासावंसं वाटलं?"

तेव्हापासून मी लॅबच्या कपाटात आहे. झाकण घट्ट आहे. समोर भिंत आहे. टाकून द्यायला परवानगी लागते, ठेवायला कारण लागतं. दोन्ही नाही, म्हणून मी आहे.

परवा आम्रपाली आली. नीलाताईंनी समजावलं, काही संशोधकांना हाडात विषाणूच्या खुणा मिळाल्यात, काहींना नाही. धुतलेल्या नमुन्यावरून आपण काहीच सांगू शकत नाही. दुसरा असता तर बघता आलं असतं.

"दुसरा आहे," आम्रपाली म्हणाली, "पण तो सध्या वापरात आहे."

ती हसली, पण उभी राहताना सगळा भार उजव्या पायावर टाकून उभी होती. मी ओळखलं. डावा दुखतोय. नीलाताईंनीही ओळखलं, लगेच एमआरआय करा म्हणाल्या, लवकर कळलं तर बहुधा वाचवता येईल. ती म्हणाली, सध्या ओव्हरटाइम चालू आहे, पुढच्या महिन्यात बघू.

मी ओरडलो. मला तोंड नाही, त्यामुळे फार फरक पडला नाही.

मित्रांनो, दुखणाऱ्या हाडाला पुढचा महिना सांगू नका. मीही असाच पुढच्या महिन्याची वाट बघत बसलो होतो.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांना नम्र विनंती की, मला अर्ध्या दिवसाकरिता उजव्या मांडीत पूर्ववत रुजू करून घ्यावे, जेणेकरून डावीकडील सहकाऱ्यास वेळीच ओरडण्याबाबत समक्ष सूचना देता येईल. त्या अवधीत धातूच्या गोळ्यास बाहेर बाकावर बसवावे व त्याची हजेरी पूर्ण दिवसाची लावावी.