अर्धं बोट आखूड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रॉड आहे. गाडीत बसल्यावर तुमच्या नजरेला पडतो तो गिअरचा दांडा मी नव्हे. तो मुठीचा, ऐटबाज. सगळे त्यालाच हात लावतात. मी त्याच्या पायापासून गिअरबॉक्सपर्यंत गाडीच्या पोटाखाली आडवा असतो. चालवणाऱ्याचा हात वर जे सांगेल ते खाली पोचवायचं, एवढंच माझं काम. चिखल, धूळ, तेल माझ्या अंगावर आणि कौतुक मुठीचं, हे आमच्यात पहिल्यापासून असंच चालतं. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

मला कारखान्यात वाकवलं, दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि एका गाडीखाली बसवलं. ती गाडी गेली मास्तरांकडे. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. मित्रांनो, शिकाऊ माणसांच्या हाताखाली आयुष्य काढणं म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक! कुणी विहिरीतून घागर ओढावी तसा दांडा ओढायचा. कुणी घामेजल्या हाताने तो नुसताच धरून बसायचा. मग मास्तर त्याच्या हातावर आपला हात ठेवून म्हणायचे, "अहो, त्याच्याशी कुस्ती कशाला खेळताय? दोन बोटांनी सांगा. ऐकतो तो." आणि खरंच, त्या बोटांचं मी ऐकायचो. बावीस वर्षं ऐकलं, आणि एकदाही गिअर चुकवला नाही. बढाई वाटेल, पण माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं आहेच काय?

पुढे मास्तर थकले, गाडीही थकली. घरामागे उभी राहून ती गंजू लागली. माझ्याभोवती गवत वाढलं, एका गोगलगायीने माझ्यावर मुक्काम ठोकला. मधली सहा-सात वर्षं अशी गेली.

त्यानंतरचं मला कळलं ते गॅरेजमध्ये, माणसांच्या बोलण्यातून. मास्तरांना विसरण्याचा आजार जडला होता. आधी किल्ल्या गेल्या, मग रस्ते गेले, मग बायको वारल्याचंही लक्षात राहीना. स्वतःच्या मुलीला ते विचारायचे, "बाई, तुम्हाला कुठे उतरायचंय?" फक्त एक गोष्ट शिल्लक होती. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांचा हात गिअर टाकायचा. पहिला, दुसरा, तिसरा. पाय जमिनीवर क्लच दाबायचा, तोही नेमक्या वेळेला.

मुलीची गाडी आमच्याच कंपनीची, पण ऑटोमॅटिक. एकदा तिने त्यांना मोकळ्या मैदानात चालवायला बसवलं. हात दांडा शोधू लागला, पाय क्लच शोधू लागला, आणि मास्तर घाबरून रडले. तेव्हा ती, ही गाडी हाताच्या गिअरची करून द्या म्हणत, फिटरकडे आली. हा फिटर मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकलेला.

"ताई, लोक याच्या उलटं करून घेतात," तो म्हणाला. "गिअरबॉक्स बदलावा लागेल, क्लचचं पायडल बसवावं लागेल. मास्तरांच्या जुन्या गाडीचं सामान बसेल म्हणा. पण एवढा खटाटोप कशासाठी?"

"दादा, मला गाडी नकोय. मला बाबा हवेत. दहा मिनिटं मिळाले तरी चालतील."

दुसऱ्या दिवशी फिटरने मला गवतातून बाहेर काढलं.

त्याने मन लावून काम केलं, हे मी शपथेवर सांगेन. गिअरबॉक्स बसला, पायडल बसलं. शेवटी माझी पाळी आली. या गाडीत दांड्याची जागा थोडी पुढे होती, म्हणजे मी लांब पडणार होतो. त्याने माप घेतलं, मला मधून कापलं आणि वेल्डिंग करून जोडलं. पाचही गिअर लोण्यासारखे पडले. पण इंजिन तेव्हा जॅकवर टेकलेलं होतं, जरा मागे कललेलं. जॅक काढल्यावर ते पुढे सरकून आपल्या जागी बसलं आणि मी अर्धं बोट आखूड पडलो.

एक चक्कर मारली असती तरी त्याला कळलं असतं. पण तो मास्तरांचा चेला! "मी चालवून बघणार नाही, ताई," त्याने फोनवर सांगितलं. "पहिला गिअर मास्तरांच्याच हाताने पडू दे." आणि इंजिन चालू न करता गाडी ढकलत त्याने मास्तरांच्या अंगणात आणली. आदराने त्याचे डोळे झाकले होते.

मास्तर बसले. पायाला क्लच सापडला. हात मुठीवर आला आणि मी ओळखलं, तीच दोन बोटं! मास्तर ताठ झाले. मुलीकडे वळून म्हणाले, "आधी आरसा बघायचा. पट्टा लावलास का गं?" कित्येक महिन्यांनी त्यांनी तिला 'गं' म्हटलं होतं. तिला हुंदका आवरेना.

पहिला पडला. गाडी हलली. मग त्यांनी दुसऱ्यासाठी दांडा मागे घेतला. दांडा कडेला टेकला, पण मी आखूड, गिअर पुरता लागेना. खर्रकन आवाज झाला. त्यांनी पुन्हा सांगितलं, दोन बोटांनी, हळूच. पुन्हा खर्र. मला किती वाटलं की ताणून लांब व्हावं! पण लोखंड ताणलं जात नाही.

"मास्तर, तुमचं बरोबर आहे!" फिटर ओरडत धावला. "रॉड आखूड झालाय! चूक माझी आहे!"

गाडी बंद पडली होती. मास्तरांनी हात उचलून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "हेही गेलं," ते म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडे, असं म्हणतात. इथे नाचणारा पक्का होता, मित्रांनो. अंगणच वाकडं होतं, आणि ते अंगण मी होतो.

फिटरने त्याच दिवशी तुकडा जोडून माझं माप बरोबर केलं. या वेळी गाडी जमिनीवर उभी करून. आता माझ्यात काही खोट नाही. मास्तरांना तीनदा आणून बसवलं, पण हात मांडीवरून उठला नाही. खुर्चीतही आता तो हलत नाही, असं मुलगी सांगते. फिटर त्यांच्या पायाशी बसून चूक कबूल करतो, तेव्हा ते नम्रपणे विचारतात, "आपण कोण?" सगळं विसरणाऱ्या त्या माणसाने नेमकी तेवढी एकच खर्र लक्षात ठेवली आहे.

मित्रांनो, कुणाच्या हातात काही देण्याआधी ते स्वतः एकदा चालवून बघत जा. आदर असेल तर आधी बघा. आणि खिडकीजवळ असे एखादे आजोबा बसलेले दिसले, तर त्यांना सांगा की त्यांनी दुसरा गिअर बरोबर टाकला होता. ते मान हलवतील आणि विसरतील. तरी सांगा, कारण मला बोलता येत नाही.