आयकलं असंल तर ठिव

"वैनी, हात खाली सोडू नका," तोंडात टाचण्या धरून अंजली म्हणाली, आणि नेमका त्याच वेळी बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

गिऱ्हाईक तसंच हात वर करून उभं राहिलं. अंजली पळत गेली, फोन उचलून कानाला लावला, डोक्यावर पदर ओढला आणि गप्प उभी राहिली. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. नुसतं ऐकलं, ऐकलं आणि फोन ठेवून परत आली.

"अगं बाई, हॅलो तं म्हनावं मान्सानं!" गिऱ्हाईक हसायला लागलं. "कोन व्हतं?"

"सासरे."

"मंग बोलली काहून न्हाई? भांडन हाय का?"

"भांडन कशाचं? आमच्यात सून सासऱ्याशी बोलत न्हाई."

रीतच होती तशी. अंजली नांदेडची, शहरात वाढलेली, पण लग्न होऊन सेनगावकडच्या त्या वाडीत पाऊल टाकलं, त्याच दिवशी सासूनं, सुभद्राबाईनं, बजावून सांगितलं होतं, "त्यायच्याम्होरं तोंड उघडायचं न्हाई. मला सांग, रामला सांग, भिताडाला सांग." सासरे मल्हारीबाबाही तसेच. सून चुलीपाशी बसलेली दिसत असली तरी म्हणायचे, "घरात सांगा, पानी पायजे." लग्नाला दहा-अकरा वर्षं होत आली, लेक मोहिनी शाळेत जायला लागली, तरी सासऱ्या-सुनेचा एकमेकांशी एक शब्द झालेला नव्हता. आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

पुढं तिच्या नवऱ्यानं, रामनं, हिंगोलीत बिऱ्हाड केलं. तो बी-बियाणांच्या दुकानात कामाला, आणि मालक मोठा तिरसट. कामाच्या वेळी मोबाइल वाजला की त्याच्या कपाळाला आठी. म्हणून मोहिनीच्या अभ्यासासाठी घरी नेट घेतलं आणि त्याच्यासोबत हा घरचा फोन आला, तेव्हा रामनं बापाच्या डब्बा फोनमध्ये दोन नंबरच्या बटनावर घरचा नंबर बसवून दिला. "आबा, माझ्या मोबाइलवर लावू नका. हे बटन दाबून धरा. अंजली सांगंल मला."

आता सून बोलत नाही म्हटल्यावर सांगावा पोचला हे कळावं कसं? पण म्हाताऱ्याचं डोकं! त्यानंच तोड काढली. मेंढरं दुपारी लिंबाखाली बसली की बटन दाबायचं, पलीकडं सामसूम असली की समजायचं सूनबाई आहे. मग सगळं बोलून घ्यायचं आणि शेवटी म्हणायचं, "आयकलं असंल तर ठिव." तिनं फोन ठेवला की झाली पोच. वाडीत पारावर बसून तो चारचौघांत सांगायचा, "आमची सून फोनवर बी मर्यादा सोडीत न्हाई."

आणि सांगावा तरी काय असायचा? भुऱ्या मेंढीला जुळं झालं. सुभद्राचे गुडघे धरलेत. यंदा बोरीला बोरं लई, पाखरं ठिवतील तं धाडतो. निम्मं तर रामला सांगण्यासारखं नसायचंच. पोटच्या पोराशी दोन वाक्यांपलीकडं न जाणारा माणूस त्या मुक्या फोनपाशी मोकळा व्हायचा. अंजलीला ते कळत होतं. आधी आधी गोडही वाटायचं.

पण लग्नसराई लागली की गोडाचं कडू व्हायला किती वेळ? नवरीचे ब्लाउज, नवरीच्या आईचे, मावशीचे, आत्याचे. शिलाई मशीनवर बसली की उठायला नको वाटायचं. तिनं घरबसल्या मागवला तो बिनतारेचा फोन, निरोप टिपून घेणाऱ्या मशीनसकट.

रविवारी संध्याकाळी नवरा-बायकोनं मिळून तो बसवला. नेटच्या डब्यातून निघालेली वायर फोनच्या खालच्या बैठकीत खोचली. हातात धरायचा फोन त्या बैठकीवर रात्रभर चार्जिंगला उभा करून ठेवला. सकाळी तारीख-वार लावला, किती वेळा वाजल्यावर मशीननं उचलायचं ते लावलं. नवा निरोप आला की लाल आकडा लुकलुकायचा. मोहिनीला त्याचंच कौतुक.

"हा फोन तं कुठं बी घेऊन हिंडता येते की," राम म्हणाला. "शिवायच्या मशीनपाशी ठिवून बस. उठायचं काम न्हाई. आन बाजारात गेलीस तं निरोप ऱ्हाईल. तुझ्या आवाजात बोलून टाक त्याच्यात, आमी घरी न्हाई म्हनून."

अंजलीनं बटन दाबून तसं बोलून टाकलं. ऐकून पाहिलं. आणि दुपारी, राम कामावर गेल्यावर, पुसून टाकलं. मशीनमध्ये आधीपासून भरलेली एक बाई होती, इंग्रजीतून दोन वाक्यं बोलणारी. तीच राहू दिली. सासऱ्यांच्या कानावर आपला आवाज कशाला, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं कारण दुसरं होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. इंग्रजी बाई बोलली तर म्हाताऱ्याला वाटेल कंपनीवाली आहे. त्यानंतर सामसूम. आणि सामसूम म्हणजे सूनबाई.

त्याच दिवशी फोन वाजला तेव्हा ती जागची हलली नाही. बाई बोलली, टीं झालं आणि म्हाताऱ्याचा आवाज खोलीभर झाला.

"सूनबाई, कोनी इंग्रजीत बोलून राहिलं व्हतं गं आत्ता. हायेस नं? बरं. भुरीचं एक पिल्लू दूध पेत न्हाई..."

अंजलीनं शिलाई मशीनचा पायटा थांबवला. हात मांडीवर ठेवून, घरात चोर शिरल्यासारखी, आपल्याच घरात बसून राहिली. "आयकलं असंल तर ठिव," म्हातारा म्हणाला. थोडी सामसूम गेली आणि मशीननं आपणहून फोन ठेवून दिला. झाली पोच! अंजलीनं सुटकेचा श्वास टाकला आणि पायटा मारायला लागली.

पाप पहिल्यांदा करताना हात कापतो, दुसऱ्यांदा नाही. सुरुवातीला ती संध्याकाळी सगळे निरोप नीट ऐकून रामला सांगायची. मग स्वयंपाक करता करता अर्ध्या कानानं. मग गिऱ्हाइकं हसायला लागली, "तुझा सासरा एकटाच बडबडतोय की गं," म्हणून तिनं आवाजच बंद केला. मग लाल आकडा वाढला की न ऐकताच पुसायला लागली. भुरीचं पिल्लू आणि सुभद्राबाईचे गुडघे, दुसरं काय असणार? राम विचारायचा, "आबाचा फोन आल्ता का?" ती म्हणायची, "आल्ता. बरे हायेत."

त्या मंगळवारी शेवटच्या नवरीचे कपडे गेले आणि घर कसं मोकळं झालं. अंजलीनं चहा टाकला. लाल आकडा तीन दाखवत होता. पुसायला गेलेला हात थांबला. आज वेळ आहे, ऐकूया म्हाताऱ्याचं, असं मनात आलं आणि तिनं आवाज वाढवला.

पहिल्या निरोपात मागं गाड्यांचा गोंगाट होता. "सूनबाई, स्टँडवर उतरलो. राम दिसत न्हाई अजून. तू परवा फोन ठिवलास, म्हंजे सांगितलंच असशील. येईल त्यो. मी पाण्याच्या टाकीपाशी बसलोय."

अंजलीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. परवाचा निरोप तिनं पुसला होता.

दुसऱ्यात म्हातारा दमलेला वाटला. "राम आला न्हाई गं. त्ये डोळ्याचं शिबिर कुठं भरलंय, कोनाला इचारून गेलो असतो. पन मी हितून हाललो आन त्यो आला, तं चुकामूक व्हईल. डाव्या डोळ्याम्होरं लई धूर दिसून राहिला, ठणका बी हाय. त्याच्या मोबाइलवर लावायचं न्हाई म्हनला व्हता, म्हनून लावलं न्हाई. तू येऊ नगंस हां, ऊन लई हाय."

आणि तिसरा. "शिबिर उठलं म्हनत्यात. सेनगावची गाडी लागली, येतो मी. भाकर व्हती संगं, खाल्ली. रामला काय म्हनू नगंस, मालकानं सोडलं नसंल लेकराला. आयकलं असंल तर ठिव."

चहा उतू जाऊन शेगडी विझली. वास आला तेव्हा तिला कळलं. स्टँड घरापासून असा कितीसा लांब? चालत गेली असती तरी हाताला धरून आणता आलं असतं. रामला सांगावं, आत्ताच्या आत्ता सांगावं, असं तिनं ठरवलं. राम आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. तिनं वाढलं. आणि तो झोपल्यावर तिन्ही निरोप पुसून टाकले. लेकरू चोरून खातं आणि वाटी घासून पालथी घालतं, तसं.

रविवारी सगळे वाडीला गेले. मल्हारीबाबा ओसरीवर बसलेले, डाव्या डोळ्यावर ओला फडका. डोळा लालभडक. रामनं पाहिलं आणि भडकला.

"अख्ख्या तालुक्यातली म्हातारी मान्सं शिबिराला जाऊन आली, आबा! आज गाडीत मला लोकं सांगून राहिले. तुमी काहून आला न्हाई? मेंढरं मोठी झाली का डोळ्यापरीस?"

"अवो, पन तुमी तं..." सुभद्राबाईनं तोंड उघडलं.

"गप ऱ्हाय तू," म्हातारा म्हणाला. मग खाली मान घालून पोराला म्हणाला, "चुकलं माझं. मेंढरायला कोनी नव्हतं, म्हनून ऱ्हाऊन गेलं."

दाराच्या आड, डोक्यावर पदर घेऊन अंजली उभी होती. म्हाताऱ्यानं उजव्या डोळ्यानं एकदा दाराकडं पाहिलं. रागानं नाही. काळजी करू नको, असं सांगितल्यासारखं. आता बोल गं बये, आता तरी बोल, असं तिचं मन ओरडत होतं. पण तोंड न उघडायला तिच्याकडं अख्ख्या घराण्याची रीत होती. राम बोलत राहिला, म्हातारा ऐकत राहिला आणि ती मर्यादेनं गप्प राहिली.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब एकाएकी वाढला होता. "डावा गेला. लवकर आणायला पाहिजे होतं, वाचला असता," डॉक्टर म्हणाले. "उजव्यात औषध टाकत राहा." राम परतीच्या गाडीत खिडकीकडं तोंड करून रडला. माझंच लक्ष नव्हतं, म्हणाला. अंजलीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिला स्वतःचाच वाटेना.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते निरोपाचं मशीन बंद करण्याचं. दुसऱ्या दिवसापासून फोन मांडीवर घेऊन शिवायला बसायला लागली. जवळ घेऊन बसता येतो, हीच तर त्या फोनची करामत. एवढ्या दिवसांत तिनं ती एकदाही वापरली नव्हती.

फोन काही वाजला नाही. मेंढरं दुसऱ्या कुणी चारायला नेली असतील, म्हातारा खाटेवर पडून असेल. रोज बारा वाजले की तिचा पायटा आपोआप थांबायचा. नको तेव्हा वाजणारा फोन आता वाजावा म्हणून तिचे खंडोबाला बोलायचे तेवढे नवस बोलून झाले.

आणि एका दुपारी वाजला. दुसऱ्यांदा वाजायच्या आत तिनं कानाला लावला. डोक्यावर पदर घेतला.

"सूनबाई?" लांब कुठंतरी मेंढरांच्या गळ्यातली घंटी वाजत होती. "आज ती इंग्रजी बाई बोलली न्हाई. हायेस नं?"

तिनं फोन कानाशी आणखी ओढला.

"आजपासून निघालो बघ मेंढरामागं. एका डोळ्यानं बी समदं बराबर दिसते. हां, डाव्या अंगाचं मेंढरू सटकलं तं कळत न्हाई, त्येवढंच." म्हातारा आवाज उतरवून म्हणाला, "त्या दिवशीचं मनावर घेऊ नगंस. तुला कामं असत्यात, गेलं असंल इसरून. मी रामला कळू दिलं न्हाई. नवरा-बायकोत माझ्यापायी तकलीफ नको."

अंजलीनं पदर तोंडात कोंबला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि छातीचा भाता आवरत नव्हता.

पलीकडं म्हाताऱ्यानं कान दिला. मेंढक्याचा कान तो; अंधारात नुसत्या श्वासावरून जनावर ओळखणारा. मग नवल वाटल्यासारखं म्हणाला,

"आज तुझा श्वास आयकू येऊन राहिला, पोरी. इतके दिस येत नव्हता. फोन लई लांब धरत व्हतीस का?"

फोनपाशीच तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"असाच जवळ धरत जा. कोनीतरी हाय, असं वाटते. बरं, आयकलं असंल तर ठिव."

तिनं ठेवला नाही. लाल बटनावर अंगठा होता, तो तिनं काढून घेतला. म्हातारा वाट पाहत होता, पोच का येत नाही म्हणून.

"मामाजी," अंजली म्हणाली.

घंटी वाजत राहिली.

"मामाजी, फोन लांब नव्हता. मीच नव्हते. ती मशीन व्हती, मशीनच फोन ठिवायची. मी हितंच बसून असायचे, पन उचलत नव्हते. स्टँडवरून तुमी केलेले फोन बी तिनंच घेतले. त्याच्या दोन दिस आधीचा तुमचा निरोप मी न आयकताच पुसला. मोहिनीच्या बापाची... तुमच्या लेकाची काय चूक न्हाई. माझी हाय. आज रातीला त्यायलाही सांगते."

बोलून संपलं. एवढ्या वर्षांचं पहिलं बोलणं आणि ते हे. मग कशीबशी म्हणाली, "आयकलं असंल तर... ठिवा मामाजी."

म्हाताऱ्यानं फोन ठेवला नाही. घंटी हळूहळू लांब गेली, मेंढरं पुढं निघाली असावीत. अंजली फोन कानाला घट्ट लावून बसून राहिली. आता तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.