चोरदरवाज्याचं इंग्रजी

मी एक पुस्तक आहे, आणि माझ्या नवव्या धड्यात मी धडधडीत खोटं बोललो आहे. आत्मवृत्ताची सुरुवात जन्मापासून करतात, हे मला ठाऊक आहे. पण आधी गुन्हा कबूल करतो, जन्माचं मग बघू.

माझं काम इंग्रजी शिकवण्याचं, तेही जुन्या शहरांतून हिंडवत. माझ्यात बारा धडे, बारा शहरं. पहिल्यात नदीवरचा दगडी पूल आणि रस्ता विचारायची वाक्यं. चौथ्यात घड्याळाचा मनोरा, म्हणून वेळ सांगणं. सहाव्यात पडकं नाट्यगृह आणि भूतकाळ. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्यावर मराठी, वर चित्र. कल्पना छान होती, अजूनही आहे. पुलावर उभं राहून शिकलेलं वाक्य माणूस सहसा विसरत नाही.

नववा धडा एका तटबंदीच्या शहराचा आणि कर्मणी प्रयोगाचा. माझे लेखक प्राध्यापक. त्यांनी ते शहर पाहिलेलंच नव्हतं. कुठल्याशा कचेरीतून आलेली वास्तूंची यादी समोर ठेवून त्यांनी धडा उरकला. यादीत होतं ‘चोरदरवाजा’. त्यांनी लिहिलं ‘थीव्ह्ज गेट’, म्हणजे चोरांचं दार. आणि खाली वाक्य ठोकून दिलं: ‘थीव्ह्ज वेअर हँग्ड हिअर.’ इथे चोरांना फाशी दिली गेली.

छापण्याआधी संपादकबाईंनी विचारलं होतं, “सर, ही फाशी कुठून आली?”

“चोरांचं दुसरं काय करतात हो? शिवाय कर्मणीला एक ठसठशीत उदाहरण हवंच होतं.”

बाई हसल्या आणि मी छापला गेलो. कर्मणी प्रयोगाची सोयच तशी आहे. कोणी केलं, ते सांगावं लागत नाही.

मराठी बोलणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हावी? शिंप्याला ‘आत एक चोरखिसा ठेव’ म्हटलं, तर तो पोलिसांना बोलावत नाही. कपाटाच्या चोरकप्प्यात चोर बसलेला नसतो. चोर म्हणजे इथे लपवलेलं, चटकन न दिसणारं. एवढं साधं मराठी माझ्या लेखकांनी इंग्रजी शिकवण्याच्या घाईत गिळलं.

मला विकत घेतलं त्याच शहरातल्या एका बाईनं. तिला सगळे सामानवाली म्हणतात. तटाजवळच्या खिडकीत बसून ती पर्यटकांच्या पिशव्या सांभाळायची. पिशवी घ्यायची, टोकन द्यायचं. सोळा वर्षांत एक रुमाल हरवला नाही. पण खिडकीच्या जागी कुलूपबंद कप्प्यांचं यंत्र बसणार, असं तिला कळवण्यात आलं होतं. तिला गाइडचा परवाना हवा होता. त्याची तोंडी परीक्षा इंग्रजीत, आणि संधी दोनच.

ती शिकली उभ्या उभ्या. फळीवरच्या पिशव्यांशी बोलायची: “युवर बॅग इज सेफ विथ मी.” एखादी फुगलेली पिशवी दिसली की तिला म्हणायची, “हाऊ आर यू, मॅडम?” आठ धडे तिनं पाठ केले नाहीत, पचवले. मला माझ्या कागदाचा अभिमान वाटायला लागला होता.

मग नववा आला. तिनं डावं पान वाचलं, उजवं वाचलं, परत डावं वाचलं. चोरदरवाज्यामागच्या गल्लीतच तिचं घर. तिचे सासरे निवृत्त गवंडी. त्या दाराची डागडुजी त्यांनी दोनदा केलेली.

“बाबा, आपल्या दारात चोरांना फाशी देत होते?”

“कोण म्हणतं?”

“पुस्तक म्हणतंय.”

म्हाताऱ्यानं मला काखेत मारलं आणि थेट दारापाशी नेलं. मी ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि गार पडलो. दार जेमतेम छातीएवढं.

“इथून मी वाकून जातो,” सासरे म्हणाले. “चोर लटकवला तर त्याचे पाय टेकतील, आणि तो चालत घरी जाईल. आणि हे बघ.” शेजारच्या दगडी कट्ट्यावर घागरीच्या बुडाएवढे सात खळगे होते. “आपल्या घराण्यात पूर्वी सगळे पाणके. वेढा पडला, आतल्या विहिरी आटल्या, की याच दारानं खालच्या झऱ्यावर जाऊन पाणी आणायचे. पिढ्यानपिढ्या घागरी टेकवून हे पडलेत. फाशी म्हणे.”

पण खरा धक्का पुढेच होता. थोड्याच दिवसांत त्या दारावर माझ्यातूनच उचललेल्या वाक्याची पाटी लागली. शेजारी भिंतीत लोखंडी आकडा ठोकलेला, त्याला दोरीचा फास. पर्यटक त्यात मान घालून, जीभ बाहेर काढून फोटो काढत होते. एका गृहस्थानं आधी बायकोला अडकवलं, मग तिनं त्याला. मी कागदाचा आहे, मला घाम येत नाही. नाहीतर माझी शाई उतरली असती.

गल्लीला लोक आता चोरगल्ली म्हणतात. तिथून जाताना पिशव्या छातीशी धरतात. सामानवाली त्या गल्लीत राहते हे कळल्यावर एका पाहुण्यानं परत घेतलेली पिशवी तिच्यासमोरच उघडली आणि मोजे मोजले. तिनं पुढच्या माणसाला टोकन दिलं. हे सगळं एका वाक्यानं केलं, आणि ते वाक्य माझं.

परीक्षेला ती मला घेऊन गेली. टेबलामागे कोण बसलं असेल? माझे लेखक. पहिली दहा मिनिटं ती अशी बोलली की ते मान डोलवत होते. मग त्यांनी दाराचं विचारलं.

“नो सर,” ती म्हणाली. “नोबडी वॉज हँग्ड देअर. वॉटर वॉज कॅरिड थ्रू दॅट डोअर. बाय माय पीपल.”

कर्मणी प्रयोग बिनचूक होता. शिवाय मी गाळलेला कर्ता तिनं जागेवर आणून बसवला होता. तिनं दाराची उंची सांगितली, खळगे सांगितले. शेवटी मराठीत म्हणाली, “सर, पाच मिनिटांवर आहे. चला ना, दाखवते.”

लेखकांनी घड्याळ पाहिलं. “बाई, परीक्षा तुमची आहे, माझी नाही.”

शेरा आला: भाषा उत्तम. माहिती अधिकृत पुस्तकाशी जुळत नाही. अनुत्तीर्ण. अधिकृत पुस्तक म्हणजे मी.

दुसऱ्या संधीच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनीच तिला समजावलं. “एकदा बोलून टाक फाशी झाली म्हणून. परवाना हातात आला की मग खरं सांगत बस. भिंतीला थोडंच इंग्रजी कळतंय?”

“भिंतीला नाही कळत, बाबा. मला कळायला लागलंय, तिथेच घोळ झाला.”

ती गेली, तेच उत्तर देऊन आली. अनुत्तीर्ण. पुढच्याच आठवड्यात खिडकी बंद झाली आणि यंत्र बसलं. माझी सुधारित आवृत्तीही निघाली. सुधारणा एकच, मुखपृष्ठावर फासाचा रंगीत फोटो.

हल्ली ती सकाळी दारापाशी उभी राहते आणि थांबेल त्याला खळगे दाखवते. मी तिच्या काखेत असतो, नववा धडा पेनानं खोडलेला. परवा रखवालदारानं हटकलं, “परवाना नसताना माहिती देणं नियमात बसत नाही, ताई.”

“मी माहिती कुठे देतेय, दादा? माझ्या घरचं सांगतेय. त्याला परवाना लागतो का?”

रखवालदारानं वहीत तिचं नाव लिहून घेतलं. पुढे काय होईल, मला माहीत नाही.

तुम्ही त्या शहरात गेलात, तर एवढंच करा. मला पिशवीतून काढू नका. तिला विचारा. इंग्रजीत विचारलंत तरी चालेल. तेवढं मी तिला नीट शिकवलंय.